पाठमोरे गोमाजी

सौंसरात रघुनाथ मास्तर रंगांची पेटी घेऊन कुणाच्या दारात शिरला, की शेजारी आधी विचारत, "कोण गेलं?"

मास्तर सरकारी शाळेत ड्रॉइंग शिकवायचा आणि सुटीच्या दिवशी गेलेल्या माणसांची चित्रं काढायचा. लग्नातल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत कुणाचा तरी बाप उभा असायचा, चेहरा वाटाण्याएवढा. त्या फोटोवर मास्तर पेन्सिलीनं बारीक चौकटी आखायचा, तितक्याच, पण मोठ्या चौकटी कॅनव्हासवर आखायचा आणि एकेक घर भरत वाटाण्याचा माणूस करायचा. पांढुर्ण्यापासून लोधीखेड्यापर्यंत कितीतरी बैठकींत त्यानं काढलेले आजोबा टांगलेले होते. सगळ्यांच्या मागं तोच तांबडा पडदा आणि तोच संगमरवरी खांब. घरच्यांना तेच हवं असे. ज्यानं जन्मात असा खांब पाहिला नाही, तोही त्यावर कोपर टेकून उभा.

जाम नदीचा काठ, संत्र्याचे बगीचे, कापसाच्या गाड्या हे तो स्वतःसाठी काढायचा. ती चित्रं कपाटामागं पडून होती. "आमचं वावर आम्ही रोज पाहतो, मास्तर," लोक म्हणत. जिवंत माणूस तर समोर बसायलाच तयार नसे. चित्र भिंतीवर गेलं की हार आलाच, अशी समजूत. त्याची बायको सरलासुद्धा म्हणायची, "मला काढून तर पाहा, त्याच दिवशी माहेरी जाईन."

१९५६च्या भाद्रपदात नागपूरहून बापूजींचं पत्र आलं. बापूजी त्याचे चित्रकलेचे गुरू. एक नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात जाणार होतं, सौंसर मध्य प्रदेशातच राहणार होतं, आणि कुठल्या राज्यात नोकरी करायची ते मास्तरला लिहून द्यायचं होतं. बापूजींनी लिहिलं होतं : "माझ्या कलाशाळेत शिक्षकाची एक जागा आहे. दिवाळीआधी तुझं एक चित्र घेऊन ये. फोटोवरून काढलेलं आणू नकोस. फोटो मोठे करणारे इथे पुष्कळ आहेत."

बारा वर्षं रघुनाथ याच बोलावण्याची वाट पाहत होता. आणि न्यायला चित्र नव्हतं.

त्याच आठवड्यात लोधीखेड्याकडचे यशवंतराव आले. त्यांचे वडील गोमाजी वारून अकरा वर्षं झाली होती. पितृपक्षातल्या सप्तमीला वडिलांचं चित्र भिंतीवर हवं होतं.

"फोटो आणलात?"

"फोटो असता तर नागपूरलेच नेला असता, मास्तर. नाही म्हणून तं तुमच्याकडं आलो!"

मास्तरला राग यायला हवा होता. पण त्यानं लगेच होकार दिला. फोटो नाही, म्हणजे चौकटी नाहीत. हे चित्र त्याचं स्वतःचं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन त्यांच्या मळ्यावर गेला. बापाच्या धाकात मान खाली घालून वाढलेल्या यशवंतरावांना फक्त फेटा आठवत होता. गोमाजींची बायको देवकाबाई ओट्यावर वाती वळत बसली होती.

"माय, त्यांचं नाक कसं होतं?"

"नाकासारखं नाक. आणखी कसं राह्यते?"

"आणि डोळे?"

देवकाबाईचे हात थांबले. "खरं सांगू का मास्तर? सासू होती तवर माहा पदर नाकाखाली. सासू गेली तं हेच आजारी पडले. त्यायच्या तोंडाकडं मी कधी नीट पाह्यलंच नाही."

"काय बोलून राहिली माय!" यशवंतराव ओशाळले. "तीस वर्षं संसार केला नं तू?"

"केला. मागं मागं चालून केला. मले पाठ विचारा, पाठ सांगतो."

आणि तिनं पाठ सांगितली. डावा खांदा उजव्यापेक्षा उतरलेला. फेट्याचा शेमला नेहमी उजवीकडे. कानामागं तीळ. विहिरीजवळच्या संत्र्याच्या झाडापाशी पोचले की कमरेवर हात ठेवून उभे राहत. मागं वळून पाहत नसत, पण तिच्या जोडव्यांचा आवाज जवळ आला की मगच पुढं निघत.

मास्तर दोन आठवडे शाळा सुटली की त्या बांधावर जाऊन बसला. चित्रात उतरतं ऊन होतं, विहीर होती, हिरव्या संत्र्यांनी वाकलेलं झाड होतं आणि कमरेवर हात ठेवलेला पाठमोरा माणूस होता. पडदा नाही, खांब नाही.

सप्तमीला पाहुणे जमले. यशवंतरावांनी चित्रावरची चादर काढली आणि त्यांचा चेहरा पडला. "मास्तर, हे काय करून ठेवलं? बाप रुसला का आमच्यावर?"

एक काका म्हणाले, "अन् गंध कुठं लावाचं? फेट्याले?"

बैठक हसली. "घेऊन जा हे," यशवंतराव म्हणाले.

मास्तरला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर त्याला आतून हायसं वाटलं. चित्र मोकळं झालं, आता सरळ नागपूर! तो चादर गुंडाळू लागला. तेवढ्यात देवकाबाई गंधाची वाटी घेऊन माजघरातून आली आणि चित्रासमोर उभी राहिली.

"थांबले हायेत," ती म्हणाली. "माह्यासाठी थांबले हायेत."

मग तिनं वाटी खाली ठेवली, चौकट दोन्ही हातांनी धरून, चित्राची बाजू भिंतीकडं करून उभी केली, आणि मागच्या कोऱ्या कापडावर, डोकं जिथं यायला हवं तिथं, बोटानं गंध लावलं.

"तोंड इकडं नाही का त्यायचं," ती काकांना म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. यशवंतरावांनी खिळा ठोकला आणि चित्र सुलटं करून टांगलं.

निघताना मास्तरनं चाचरत देवकाबाईला नागपूरचं सांगितलं. चार दिवसांसाठी चित्र मिळेल का?

"ने नं बापा. पण तिथं टांगतीन, तं मागून कोण पाह्यन?"

 मास्तर नुसती रंगांची पेटी घेऊन घरी आला.

"चित्र?" सरलानं विचारलं.

"ज्याचं त्याच्या घरी."

"अन् नागपूर?"

त्यानं कागद पुढं ओढला. 'चित्र झालं आहे,' त्यानं बापूजींना लिहिलं, 'पण ते दोन्ही बाजूंनी पाहावं लागतं. आपणच इकडे यावं.' मग दुसरा, सरकारी कागद घेतला आणि राज्याच्या रकान्यात मध्य प्रदेश लिहिलं. सरलानं वाचलं, आणि न सांगता चहा टाकला.

नागपूरची जागा दुसऱ्याला मिळाली. मास्तरला पुढं कधीकधी ते सलायचं. पण हळूहळू लोक म्हणू लागले, "मास्तर, आमचे बाबा समोरूनच काढा, पण मागं आमची विहीर घ्या." कुणाला बैलजोडी हवी, कुणाला जामसांवलीच्या मारुतीची वाट. तांबडा पडदा कायमचा गेला.

हे सगळं नंतरचं. त्याच साली मार्गशीर्षात बापूजी खरोखरच छोट्या रेल्वेगाडीनं सौंसरला उतरले. एव्हाना ते परराज्यातले पाहुणे झाले होते. मास्तर त्यांना लोधीखेड्याकडं घेऊन गेला. बापूजी चित्राच्या अगदी जवळ गेले, मग चार पावलं मागं आले.

"हा माणूस आत्ता चालायला लागेल," शेवटी ते म्हणाले, आणि मागची बाजू पाहायला त्यांनी चौकटीला हात घातला.

"ओ गुरुजी!" देवकाबाई ओट्यावरून ओरडली. "पह्यले हात धुऊन या. तोंड हाय तिकडं."

बापूजी हात धुवायला विहिरीकडं निघाले.