दोन कोपऱ्यांतले बूट

फरशीला लावलेल्या मेणाचा वास आला की माझे पाय अजून गार पडतात. १९६२च्या हिवाळ्यात उत्तर जर्मनीच्या जंगलातला एक जुना शिकारमहाल पाहायला मी आणि बायको गेलो होतो. दारात जाड लोकरी सपातांचा ढीग होता. मेण लावलेल्या फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून त्या बुटांवरूनच चढवायच्या असतात हे मला काय ठाऊक! देवळात काढावेत तसे मी बूट काढले, आणि चोराला जोडी मिळू नये म्हणून एक बाकाखाली, दुसरा छत्र्यांमागे सारला. गाइडबाई प्रत्येक दालनात आम्हाला घेऊन मागचं दार किल्लीने बंद करीत. समोर भिंतभर हरणांची शिंगं, पाठीशी कुलूप. शेवटचं दार उघडलं ते थेट मागच्या बागेत, बर्फात. सपाता तिथेच पेटीत टाकायच्या होत्या. मी मोज्यांवर उभा, आणि खाली शेवटची बस हॉर्न देतेय! माझं मोडकं जर्मन ऐकून बाई धावत गेल्या आणि धापा टाकत एकच बूट घेऊन आल्या. दुसऱ्यासाठी त्या पुन्हा धावल्या, तोवर बस गेली. पुढे दोन तास बर्फ तुडवताना बायको एकदाच बोलली, “अहो, पण चोरीला नाही गेले हं!”