अनंतरावांची पखुर्डी

आमचे शेजारी अनंतराव बँकेतून रिटायर झाले अन् लगेच पक्षीमित्र झाले. माणूस वाईट नाय, पण एकदा तोंड उघडलं की मिटत नाय. पडेगावात आमच्या कॉलनीमागं सगळं मुरमाड माळरान. यंदा उन्हाळ्यात तिथं पखुर्डीनं तीन अंडी घातली. काडी नाय, पान नाय, उघड्या मातीत जरासा खड्डा. वाळवंटातलं पाखरू असंच राहतंय म्हणे.

झालं! अनंतरावांनी गच्चीवर दुर्बीण लावली, खुर्च्या मांडल्या. रोज सकाळी पाहुणे हजर.

"रात्रभर अंडी नर उबवतो बरं का," अनंतराव सांगायचे. "पिल्लं निघाली की लांब तळ्यावर जातो, पोटाची पिसं भिजवतो अन् उडत येतो. पिल्लं ती पिसं चोखून पाणी पितात. बाप असावा तर असा!"

पाहुण्यांचे डोळे भरून यायचे. मग चहा.

अन् त्या चहासाठी त्यांच्या बायकोनं, कालिंदीवहिनींनी, टँकरच्या पाण्याच्या बादल्या जिन्यानं वर नेऊन ड्रम भरायचा. वहिनींना मणक्याचं दुखणं. डॉक्टरनं बजावलं होतं, वजन उचललं तर अंथरूण धराल. मी अनंतरावांना तोंडावर म्हणलं, "वहिनींच्या पाठीकडं बघा की जरा!"

"आशाबाई, हळू," म्हणाले, "पाखरू बिचकेल."

असा संताप आला मला!

एका रविवारी पिल्लं निघाली. गच्ची गच्च भरली. नर पाणी घेऊन उतरला, पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरली, अन् अनंतरावांनी रुमाल काढला. तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला.

"अगं, टँकर आला!" डोळे पुसत अनंतराव म्हणाले.

वहिनी कंबर धरून जिन्यापाशी गेल्या. थांबल्या. परत आल्या अन् पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसल्या.

"पाणी नर आणतो ना हो?" त्यांनी विचारलं.

सगळे अनंतरावांकडं बघत राहिले. मग काय करतात, गेले बिचारे खाली. पहिली बादली कशीबशी वर आली. दुसरीला जिन्यातच बसले.

"कालिंदी, हे तू रोज करतेस?" धापा टाकत त्यांनी विचारलं.

"अजून ड्रम भरायचाय," वहिनींनी वरूनच सांगितलं.