टाकीवरचं दुसरं पांघरूण

गच्च्यांवर सौर बंब बसवण्यात टाकीवाल्या काकांची हयात गेली. सूर्य म्हणजे त्यांचा भागीदारच, आणि तोही कधी वाटा न मागणारा. उन्हाळे कडक होत चालल्याचा दोषही ते हक्काने त्यालाच देत. "सूर्यच तापलाय. आपल्या धुराने काय होतंय?"

त्यांची लेक कॉलेजात हवामान शिकवायची. गेल्या सुट्टीत जेवताना ती म्हणाली, "बाबा, सूर्य आहे तसाच आहे. आपण सोडलेले वायू उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत."

"चार बुकं शिकलीस म्हणून बापाला सूर्य शिकवू नकोस," काका फाडकन बोलून गेले. ती ताट अर्धं टाकून उठली. तेव्हापासून तिचा फोन येई तो आईला. काका उलटं वर्तमानपत्र वाचत कान टवकारून बसत. लेकीशिवाय चैन पडत नव्हती, आणि चुकलो म्हणायला जीभ रेटत नव्हती.

अशात एका गिऱ्हाईक बाईंची तक्रार आली, पहाटेसुद्धा पाणी चटके देतं. काकांना वाटलं, आता सापडला पुरावा. ऊन मोजायचं यंत्र घेऊन ते भर दुपारी बाईंच्या गच्चीवर चढले. आकडा मात्र नेहमीचाच आला. मग त्यांनी टाकीचा पत्रा उघडला. आत ऊब धरणाऱ्या ग्लासवूलचे एकाऐवजी दोन थर होते. बंब बसवताना उरलेला तुकडा फुकट जाऊ नये म्हणून काकांनीच तो गुंडाळला होता.

काका टाकीशेजारीच बसले. ऊन तेवढंच, पांघरूण दुप्पट. हल्ली रात्रीसुद्धा घर निवत नाही, आणि रात्री काही सूर्य नसतो. हरल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण छातीवरचा धोंडाच उतरला. सूर्य बिघडला असता तर त्याच्या दुरुस्तीला कोण जाणार होतं? वायूंचं पांघरूण आपणच घातलेलं, म्हणजे काढणंही आपल्याच हातात.

त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला.

"बाबा? आई बरी आहे ना?"

"आई ठणठणीत आहे. बाप चुकला होता." आणि त्यांनी टाकीची सगळी कथा सांगून टाकली.

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आता काय करणार?"

"एक थर काढतो," काका म्हणाले. "तू ये. तुझं अर्धं जेवण राहिलंय."