कोजागिरीपर्यंतची मुदत

पहिल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया दुर्गाबाईंविषयी म्हणत, "कोकनची बामनीन सकाळी सारं पानी अंगनावर वतते, आन् दुपारी प्यायाले पानी नाही म्हनून रडते." त्यांच्या भाकरीविषयीही एक मत होते. "भाकर थापते का भिंत बांधते, काई समजत नाही माय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. रत्नागिरीकडच्या ज्या गावात दुर्गाबाई वाढल्या, तिथे विहिरीतून हाताने पाणी काढता येई आणि ज्वारी केवळ ऐकून माहीत होती. त्यांचे यजमान मोरोपंत यांना अकोल्याच्या कचेरीत कारकुनी मिळाली, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी वऱ्हाडाला परमुलूखच म्हटले. आगगाडी त्या वर्षी खानदेशापर्यंतच आली होती. मुंबईपर्यंत गलबत आणि पुढे आगगाडी असा प्रवास झाला. उरलेली वाट या कुटुंबाने कापसाच्या एका परतीच्या बैलगाडीत, मिठाच्या गोणींवर बसून कापली. जाताना गाड्या कापूस नेत आणि येताना मीठ व नारळ आणत. सात वर्षांच्या यमुनेला हा प्रवास फार आवडला. तिच्या आईने मात्र अकोल्यात पाऊल ठेवल्यावर मोर्णेचे वाळलेले पात्र पाहिले आणि विचारले, "हिला नदी म्हणतात?"

महिनाभरात मोरोपंतांनी हार मानली. ते शांत स्वभावाचे गृहस्थ होते. एका संध्याकाळी ते म्हणाले, "कोजागिरीपर्यंत राहून पाहा. नाहीच करमले, तर पावसाळा संपताच तुझे दादा येऊन तुम्हा दोघींना घेऊन जातील. मी इथे एकटा राहीन आणि वर्षाकाठी येत जाईन."

"दादाला आजच निरोप धाडा," दुर्गाबाई म्हणाल्या.

निरोप गेला. यमुनेला हे कळले. त्या दिवसापासून ती वडिलांच्या पानाशेजारी बसून जेवू लागली.

पुढे जे घडले त्याला सुरुवात चुलीपासून झाली. भाड्याच्या घरातली जुनी चूल दुर्गाबाईंना पसंत नव्हती. त्यांनी कचेरीतल्या शिपायाकडून शेतातली माती आणवली. काळी, मऊ, लोण्यासारखी मळली जाणारी ती माती पाहून त्यांना अकोल्यात प्रथमच काही चांगले दिसले. त्यांनी मनापासून चूल घातली आणि तिच्यावर वेलबुट्टीही काढली. चार दिवसांत ती वाळली, आणि वाळता वाळता अशी तडकली की आतला विस्तव बाजूने दिसू लागला.

शेजारच्या गोदाबाई तेव्हा ओसरीखाली उभ्या होत्या. त्या सूर्यभान पाटलांच्या पत्नी. घरची काळीची शेती होती, आणि बोलणे असे की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावे. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याआत त्या कधी येत नसत; सोवळ्याची मर्यादा त्या काळी दोन्हीकडून पाळली जाई. त्यांनी दुरूनच चुलीकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

"मायबाई! काळीत पेरतेत. काळीची चूल कोन करते?"

"मग कशाची करतात?" दुर्गाबाईंचे डोळे भरले होते.

"पांढरीची. ज्या जागेवर गाव बसलं ते पांढरी. काळी पान्यानं फुगते आन् उन्हानं फाटते. आता रडून काहून राहिली? चूलच फुटली ना, कपाळ तं नाही फुटलं. उठ."

दुर्गाबाई उठल्या. परक्या बाईने एकदम 'तू' म्हटल्याचा त्यांना राग आला होता, हे त्या पुढे अनेकदा हसत सांगत. त्यांच्या गावी लोक फार जपून बोलत. कोणी नाराज असेल तर ते तिसऱ्याकडून, सणाच्या सुमारास कळे. इथे माणूस दारात येऊन तोंडावर विचारी आणि उत्तर मिळाल्यावर विसरूनही जाई. नवी चूल पांढरीची झाली. तिच्यामागोमाग धाब्याच्या घराच्या सपाट छपरावर पावसाळ्यापूर्वी माती कशी चढवावी, सांडपाणी वांग्यांच्या रोपांना कसे द्यावे आणि भाकरी थापताना बोटे कुठे थांबवावीत, हे सारे ओसरीखालून, मोठ्या आवाजात शिकवले गेले.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रांपलीकडे कुठेसे युद्ध पेटले होते आणि त्यामुळे अकोल्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सूर्यभान पाटलांनी बैलांसाठी चांदीच्या घंटा केल्या. त्या वाजत गल्लीत आल्या, त्या दिवशी गोदाबाई दारातच उभ्या राहिल्या.

"वा! बैलाले चांदी आन् बायकोले पितळ!"

"बैल नांगर वढते," पाटील म्हणाले.

"मंग आज भाकरही त्यालेच थापाले सांगा!"

दुर्गाबाई आपल्या ओसरीवर एकट्याच हसल्या. मोरोपंतांनी आतून ते हसणे ऐकले. अकोल्याला आल्यापासूनचे ते पहिले होते.

भाद्रपदी पौर्णिमेला घरोघरी भुलाबाई बसली. मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे गल्लीतल्या मुली महिनाभर रोज संध्याकाळी गाणी म्हणत. भुलाबाई म्हणजे पार्वतीच, आणि हा महिना तिच्या माहेरचा. गाणी संपली की ज्या घरी खेळ असेल तिथली बाई झाकलेला डबा पुढे आणी आणि आतला खाऊ ओळखायला सांगे. ओळखला जाणे ही घरधनिणीची फजिती. यमुनेला, जिला सगळ्या आता जमुना म्हणत, इतरांच्या घरचे शिजवलेले चालत नसे. म्हणून तिच्या पदरात वेगळे गूळ-फुटाणे पडत, आणि बाकीच्या मुलींना तिचा हेवा वाटे.

दसरा झाला. कोजागिरीला चार दिवस असताना खेळ दुर्गाबाईंच्या अंगणात आला. त्यांनी सकाळपासून कोणाला आत येऊ दिले नाही. एक मोठी पिकली काकडी किसली. तांदूळ महाग, म्हणून ज्वारीच्या कण्या भाजल्या. परतीच्या गाडीतून मिळालेला नारळ खवला, गूळ घातला आणि सारे पितळी भांड्यात लावून झाकणावर निखारे ठेवले.

संध्याकाळी गाणी संपली आणि डबा आला.

"फुटाने!" "मुरमुरे!" "करंज्या!"

"नाही."

"हालवा, हालवा!" डबा हलवला गेला. काहीच वाजले नाही.

"डबा रिकामा हाय," गोदाबाई म्हणाल्या. "बामनीन फसवून राहिली."

"रिकामा असेल तर जा घरी," दुर्गाबाई म्हणाल्या.

अंगणात हशा पिकला. शिरा, लापशी, सांजा, पुरणपोळी, सगळे सांगून झाले. एक मुलगी वैतागून म्हणाली, "गवरी हाय का आतमंदी?" गड्याला सांगून पाटलांनाही बोलावण्यात आले; त्यांनी डब्याचा वास घेतला आणि हे देवाघरचे काम असल्याचे सांगून ते मागे सरले. दुर्गाबाई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अशा थाटात त्यांना अकोल्याने कधी पाहिले नव्हते.

इतक्यात दाराशी एक गाडी थांबली. धुळीने माखलेले एक गृहस्थ उतरले. अंगणात येताच त्यांनी नाक वर केले आणि आनंदाने म्हणाले, "दुर्गे, धोंडस केलेस की काय?"

मग सगळ्या मुली, हा शब्द जन्मात न ऐकलेल्या, एकसुरात ओरडल्या, "धोंडस! धोंडस!"

"हे कोन मधातच?" गोदाबाईंनी विचारले.

"माझा भाऊ," दुर्गाबाई कशाबशा म्हणाल्या.

"तुह्या भावाले घटकाभर गावाबाहेर थांबवायचं असतं माय! हे काई खरं नाही. मानत नाही आमी. कोजागिरीले पुन्हा याच अंगनात."

धोंडस वाटले गेले. गोड काकडी खाताना मुली एकमेकींकडे पाहून हसत होत्या. दादा हातपाय धुऊन ओसरीवर बसले. मोरोपंत पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि तो देता देता तसेच उभे राहिले.

"गाडीवाला परवा निघतो आहे," दादा म्हणाले. "सामान बांधून ठेवले आहेस ना? आईने तुमच्या दोघींसाठी माजघर सारवून ठेवले आहे. फार सोसलेस. आता चल."

जमुनेने वडिलांचे धोतर मुठीत धरले. मोरोपंत तांब्यातल्या पाण्याकडे पाहत होते. अंगणातल्या बाया जाता जाता थांबल्या; गोदाबाईही ओसरीखाली येऊन उभ्या राहिल्या.

दुर्गाबाईंनी रिकामा डबा खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाल्या, "दादा, आलास तसा चार दिवस राहा, पोटभर जेव आणि सुखरूप परत जा. मी काही येऊन नाही राहिले. आणि कोजागिरीला डबा बाहेर आला की तू तोंड मिटून बस."