चाचींच्या कॅनमधली साय

“चाची, उद्यापास्नं कॅन आणू नका. साय काढल्यालं दूध हितं घेत न्हाई आमी.”

कासार आंबोलीच्या दूध संकलन केंद्रावर चेअरमननी हे सगळ्या रांगेसमोर सुनावले. रझियाचाचींनी कॅन खाली ठेवला नाही.

“अण्णा, धार काढली ती थेट हितं आणली. साय कवा काढू, चालता चालता?”

पुढे काय घडले याच्या दोन आवृत्त्या गावात फिरतात. चेअरमन म्हणतात, त्यांना आधीपासूनच शंका होती. केंद्राचा सचिव म्हणतो, फॅट मोजणाऱ्या नव्या मशिनने दोष शोधला. दोन्ही खोटे. मशिनने आकडा दाखवला. अर्थ मी लावला. मी निवृत्त डेअरी केमिस्ट आहे आणि त्या सकाळी तिथे उभा होतो.

दुधात पाणी घातले की दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरची डिग्री उतरते. चाचींची डिग्री उत्तम होती. फक्त फॅट, म्हणजे स्निग्धांश, रोज कमी येत होता. म्हणून साय काढल्याचा संशय. इथवर चेअरमनचा तर्क बरोबर होता, हे मी मान्य करतो. परंतु चालत जाण्याच्या अंतरावर दुसरे केंद्र नव्हते. इथे कॅन नाकारला की चाचींना म्हैस विकावी लागणार होती.

“आठ दिवस द्या,” मी म्हणालो. “आणि सगळ्यांचे आकडे द्या.”

“सगळ्यांचं कशाला? चोरी एकीची हाय.”

“ते अजून ठरायचे आहे.”

चेअरमननी कुरकुरत आठ दिवस दिले. मी आलेखाचा कागद घेतला. स्कॅटरप्लॉट ही साधी गोष्ट आहे: प्रत्येक कॅनचा एक ठिपका. आडव्या रेषेवर एक माप, उभ्या रेषेवर दुसरे. दोन मापांत नाते असेल तर ठिपके एखाद्या दिशेने झुकतात; नसेल तर विखुरतात.

उभे माप फॅटचे ठेवले. आधी आडवे माप घेतले ते घरापासूनच्या अंतराचे. ठिपके पेरल्यासारखे पसरले. माझा पहिला आलेख चुकला, असे सचिव आजही सांगतो. तो चुकला नाही. त्याने एक कारण बाद केले.

मग मी रांगेकडे पाहिले. संचालकांचे कॅन आधी, मग मोटरसायकलवाल्यांचे, पायी येणाऱ्यांचे शेवटी, अशी तिथली रीत. दुसऱ्या आलेखात आडवे माप घेतले कॅन किती मिनिटे उभा राहिला याचे. ठिपके डावीकडून उजवीकडे उतरत गेले. चाचींचे ठिपके अगदी टोकाला होते. पण त्याच उताराला धरून, इतरांच्या मागोमाग.

कारण सचिवाच्या हातात होते. तो फेस बाजूला सारून लांब दांड्याचे माप तळाशी बुडवायचा आणि तिथला नमुना घ्यायचा. उभ्या कॅनमध्ये स्निग्धांश वर चढतो. जितका वेळ कॅन उभा, तितका तळ रिकामा.

“हे तुमचं कागदावरचं,” चेअरमन म्हणाले.

आक्षेप योग्य होता. ठिपके नाते दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. म्हणून मी म्हणालो, “चार दिवस चाचींचा कॅन पहिला लावा, तुमचा शेवटी.”

ते चिडले, पण रांग ऐकत होती. त्यांनी मान्य केले. चाचींचा फॅट पहिल्याच दिवशी चढला. चेअरमनचा घसरला, आणि चारही दिवस घसरलेलाच राहिला.

“अण्णा,” चाचींनी विचारले, “आता तुमची साय कोन खातंय?”

रांग हसली. बऱ्याच वेळाने चेअरमनही हसले. पाचव्या दिवसापासून नमुन्याआधी प्रत्येक कॅन ढवळला जाऊ लागला. त्यानंतरच्या आलेखात ठिपक्यांचा उतार उरला नाही.

चाचींनी आता दुसरी म्हैस घेतली आहे. मी काढलेला कागद केंद्राच्या भिंतीवर लावला आहे, आणि त्याखाली उभे राहून चेअरमन पाहुण्यांना स्वतःचा शोध समजावून सांगतात. सांगू देत. कॅन ढवळला जातो आहे ना, हे मात्र मी अधूनमधून जाऊन पाहतो. एका ठिपक्यावरून माणसाला चोर ठरवू नये. बाकीचे ठिपके आधी कागदावर मांडावेत.