दादाच्या गाडीत टॅब्लेट बसवताना

सैन्यातून निवृत्त झाल्यावर आठव्या वर्षी माझ्या थोरल्या भावाने दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. गाडी लाल होती, जुनी होती आणि आमच्याकडे येण्याआधी तीन मालकांच्या हातून गेली होती. तिचं छत माझ्या छातीपर्यंतही पोचत नव्हतं. वडूजजवळच्या आमच्या गावात ती आली तेव्हा दूध डेअरीसमोर कॅन घेऊन थांबलेल्यांपैकी एकाने विचारलं, "फौजी, ह्यात बसायचं का झोपायचं?" दादाने गाडी तशीच पुढे घराकडे नेली. चोवीस वर्षं त्याने लष्कराचे ट्रक चालवले होते. एका छावणीत एका अधिकाऱ्याकडे अशी गाडी होती आणि ती धुवायला दिली की दादा ती दोनदा धुवायचा, एवढं मला माहीत होतं. बाकी कारण त्याने कोणाला सांगितलं नाही.

गाडीचा दोष एकच होता. मागची काच टपाल पेटीच्या फटीएवढी होती आणि त्यातून मागचं काही दिसत नसे. ट्रक मागे घेताना लष्करात मागे एक माणूस उभा असतो आणि तो हाताने खुणा करतो. दादाला त्याची सवय होती. घरी तसा माणूस नव्हता. दुसऱ्याच महिन्यात त्याने अंगणातून गाडी मागे घेतली आणि शेजाऱ्याची बाज मोडली. बाजेवर बसलेले म्हातारे शेजारी मिनिटभर आधी तंबाखू आणायला आत गेले होते.

त्या संध्याकाळी वहिनींनी मला सांगलीला फोन केला. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मागचं नीट दिसेल अशी काही सोय महिनाभरात झाली तर गाडी राहील, नाही तर विकायची, असं त्यांनी दादाला सांगितलं होतं. मी साक्षीदार म्हणून हवा होतो. दादाने अट मान्य केली होती. गाडी राहणार की जाणार हे आता एका कॅमेऱ्यावर ठरणार होतं.

मी विश्रामबागेत राहतो आणि एका दैनिकात पानं लावण्याचं काम करतो. सांगलीत गाड्यांचं सामान विकणाऱ्या तीन दुकानांत मी चौकशी केली. तिघांनी डॅशबोर्डचा फोटो पाहून नकार दिला. डॅशबोर्डचा मधला भाग वक्र होता आणि बाजारात मिळणारे तयार स्क्रीन त्या खाचेत बसत नव्हते. दादाकडे एक टॅब्लेट होता. त्याच्या मुलीने दिलेला, त्यावर तो सकाळी पेपर वाचायचा. तोच डॅशबोर्डमध्ये बसवून त्याला कॅमेरा जोडावा, ही कल्पना त्याची. तिसऱ्या दुकानदाराने सांगितलं की त्यासाठी फायबरची चौकट करून घ्यावी लागेल आणि माधवनगर रस्त्याला एक कारागीर आहे, त्याच्याकडे जा.

कारागीर पन्नाशीचा होता. त्याचा मुख्य धंदा न्हाणीघराच्या फायबरच्या दारांचा. शेडमध्ये निळी आणि गुलाबी दारं एकावर एक रचलेली होती. मधूनमधून तो खासगी बसच्या पुढच्या भागाचंही काम करत असे, म्हणून त्याचं नाव झालं होतं. दादा गाडी घेऊन विट्यावरून, तासगाववरून आला. प्रत्येक गतिरोधकावर गाडी तिरकी करून चढवावी लागल्यामुळे एरवी अडीच तासांच्या वाटेला पावणेचार तास लागले. त्याने उतरून कमरेवर हात ठेवला आणि कारागिराला टॅब्लेट दाखवला. पण टॅब्लेट तिथे ठेवायला तो तयार नव्हता. सकाळचा पेपर त्यात होता. म्हणून मी माप घेतलं आणि कागदावर लिहून दिलं : साडेचोवीस बाय साडेसोळा सेंटीमीटर. गाडी तिथे सोडून आम्ही माझ्या घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी फोन आला, काम झालंय. आम्ही गेलो. डॅशबोर्डच्या मध्यभागी एक काळी, गुळगुळीत, सुरेख घासलेली चौकट होती. ती उभी होती.

टॅब्लेट तिच्यात उभाच बसत होता. वरचं टोक डॅशबोर्डच्या बरंच वर आलं होतं आणि एवढ्या बुटक्या गाडीत चालकाच्या समोरचा डाव्या बाजूचा रस्ता त्यामागे झाकला जात होता. खाली जागा करण्यासाठी एसीच्या मधल्या दोन्ही जाळ्या कापून काढल्या होत्या. त्या कोपऱ्यात एका पाटीत पडल्या होत्या, तुकड्यांत.

मी कारागिराला विचारलं की आडवी चौकट सांगितली असताना उभी का केली. त्याने माझा कागद खिशातून काढला. कागदावर आडवी किंवा उभी असा शब्द नव्हता. वर्तमानपत्रात माप सांगताना रुंदी आधी येते, मग उंची. एवढी वर्षं मी तसंच लिहीत आलो होतो आणि दुसरी पद्धत असू शकते हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"साहेब, दाराचं माप कसं सांगत्यात?" कारागीर म्हणाला. "उंची आधी. मी तीस वर्षं दारंच करतोय."

दादाने पाटीतला जाळीचा एक तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला. नंतर मला म्हणाला, "तू रोज चार लाख लोकांना बातम्या वाचाय देतोस न्हवं?" आमचा खप तेवढा नाही, हे मी त्या वेळी सांगितलं नाही.

कारागिराने चूक कोणाची यावर वाद घातला नाही. त्याने चौकट काढली, आडवी केली, वरचं भोक फायबरने बुजवलं आणि पुन्हा घासलं. त्यात आठवडा गेला. एसीच्या जाळ्या परत बसणार नव्हत्या. त्या गाडीचं सुटं सामान कुठे मिळत नव्हतं आणि मी आठ दिवस फोन करून तेवढंच सिद्ध केलं. शेजारच्या वायरमनने टॅब्लेटला वीज दिली आणि मागच्या नंबर प्लेटच्या वर सुपारीएवढा कॅमेरा बसवला. कॅमेरा बिनतारी होता.

दादा निघाला. मी मागून माझ्या दुचाकीने तासगावपर्यंत जाणार होतो, काही अडलं तर हाताशी असावं म्हणून. एप्रिल सुरू होता. तासगावच्या अलीकडे त्याने गाडी बाजूला घेतली. टॅब्लेट काळा झाला होता आणि त्यावर तो फार तापला आहे, थंड होऊ द्या, अशी सूचना होती. उन्हात, तिन्ही बाजूंनी फायबरने बंद केलेल्या खोक्यात तो तापणारच होता. आम्ही एका उसाच्या गुऱ्हाळाच्या सावलीत अर्धा तास उभे राहिलो. टॅब्लेट सुरू झाला, तेव्हा दादाने गाडी रिव्हर्समध्ये टाकून पाहिली. चित्र यायला अकरा सेकंद लागले. मी घड्याळ लावून तीन वेळा मोजले. अकरा सेकंदांत गाडी अंगण ओलांडते.

आम्ही दोघे तिथूनच मागे फिरलो.

पुढचे दहा दिवस मी कामावर जाण्याआधी रोज त्या शेडमध्ये जात होतो. वायरमनने बिनतारी कॅमेरा काढून तारेचा बसवला. चित्र आता लगेच येऊ लागलं, पण कॅमेऱ्याची तार टॅब्लेटला जोडली की चार्जिंगची तार जोडायला जागा उरत नव्हती. दोन्ही जोडणारा एक जोड पुण्याहून मागवला, तो चालला नाही. दुसरा चालला. कारागिराने चौकटीच्या मागे भोकं पाडली आणि एसीची जी नळी आता कुठेच उघडत नव्हती तिचं तोंड टॅब्लेटच्या पाठीवर सोडलं. यंत्र थंड राहू लागलं. आत बसलेल्या माणसाला मात्र एसी लागेना. कारागीर म्हणाला, "आता गारवा त्याला, घाम तुमाला." तो हसला. मी हसलो नाही, दादा हसला. महिना संपायला चार दिवस होते.

वडूजला परत जाताना मी दादाबरोबर गाडीत होतो. एसी नसल्यामुळे खिडक्या उघड्या होत्या आणि मोठ्याने बोलावं लागत होतं. मी डावीकडे बसलो होतो आणि जे सांगत होतो ते दर वेळी दोनदा सांगत होतो. त्याच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तोफखान्याजवळ बरीच वर्षं काढली, त्याचं ते. आम्ही सगळे सवयीने त्याच्या उजवीकडे बसायचो. पण गाडीत उजवीकडे दरवाजा असतो, माणूस नसतो. हे मला त्या प्रवासात, मायणीच्या पुढे कुठेतरी, पहिल्यांदा नीट लक्षात आलं. मी ते बोललो नाही. टॅब्लेट चालू होता. तेवढं पुरे आहे असं मला वाटत होतं, किंवा वाटून घ्यायचं होतं.

वहिनींनी चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली. अंगणात उजवीकडे गोठा, डावीकडे कडबा कापायचं यंत्र, मागे रस्त्याकडे जाणारी वाट. वहिनींनी वाटेत एक रिकामी बादली ठेवली आणि त्या डाव्या बाजूला, यंत्राजवळ उभ्या राहिल्या. बाज मोडलेले शेजारी नव्या बाजेवर, पण या वेळी कुंपणाच्या आत, बसून होते. दादाने गाडी रिव्हर्समध्ये टाकली. टॅब्लेटवर अंगण आलं, बादली आली, बादलीवरचा पोचासुद्धा दिसत होता. मी त्याच्या दरवाजाजवळ वाकून बघत होतो. चित्र एकदाही अडखळलं नाही.

दादाने बादली चुकवण्यासाठी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं. गाडीचं मागचं टोक व्यवस्थित उजवीकडे गेलं. लांबलचक पुढचं टोक डावीकडे फिरलं. वहिनी दोनदा म्हणाल्या, "थांबा." मग मोठ्याने म्हणाल्या, "आवं थांबा, पुढनं लागतंय." मी तेव्हा बोललो असतो तर त्याने ऐकलं असतं, कारण मी उजवीकडे होतो. मी स्क्रीन बघत होतो. पुढचं डावं चाक आणि त्यावरचा पत्रा यंत्राच्या लोखंडी पायाला घासत गेला. वहिनी बाजूला झाल्या होत्या. बादली जागेवर होती.

दादाने गाडी बंद केली, उतरला, पुढे येऊन पत्रा पाहिला. मग वहिनींकडे पाहिलं. त्या कुठे उभ्या होत्या ते त्याला आता कळलं असावं.

"तू बोलली हुतीस?"

"तीनदा."

वहिनी तिथेच गाडी विका म्हणाल्या असत्या तर गोष्ट संपली असती. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी अट बदलली. दुपारी जेवताना त्या मला म्हणाल्या की सांगलीत कानाच्या डॉक्टरांकडे यांना न्या, कानात घालायचं यंत्र मिळतं, ते घातलं तर गाडी राहू दे, पत्र्याचं काय, पत्रा बुजवता येतो. हे त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या, पण दादाच्या उजव्या बाजूला बसून.

दादाने भाकरी ताटात ठेवली. "यंत्र घालून फिरायला मी म्हातारा न्हाई झालो," तो म्हणाला.

मी बोलायला नको होतं. पण गेला महिनाभर दाबून ठेवलेलं सगळं त्या वेळी बाहेर आलं. मी म्हणालो की चांगला डॅशबोर्ड कापून त्यात यंत्र बसवलं तेव्हा काही वाटलं नाही, दोनदा कापला, एसी घालवला, चार खेपा केल्या, आणि कानात बोराएवढं काहीतरी घालायचं तर नाही. माझा आवाज चढला होता. वहिनी भात वाढायला उठल्या.

"गाडीला मागचं दिसत न्हवतं," दादा म्हणाला. "मला ऐकू येतंय."

त्याने पुढे एकही कारण दिलं नाही. संध्याकाळपर्यंत वहिनींनी विषय पुन्हा दोनदा काढला, दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा. उत्तर तेच होतं. तिसऱ्या दिवशी, मी सांगलीला परतल्यावर, त्याने स्वतःच मला फोन करून गाडी विकायला काढ म्हणून सांगितलं. हे सांगताना त्याचा आवाज अगदी साधा होता, बैल बाजाराला न्यायचा म्हणावं तसा. मी पुन्हा कानाचं बोललो. त्याने फोन वहिनींकडे दिला.

गिऱ्हाईक सांगलीतच मिळालं, कोल्हापूर रस्त्यावरचा एक तिशीचा व्यावसायिक. तो गाडीभोवती दोनदा फिरला. पत्र्याच्या ओरखड्याबद्दल काही बोलला नाही. आत बसला, डॅशबोर्डवर बोटं फिरवली आणि ही चौकट काढून मूळचं बसवता येईल का, असं विचारलं. मी काही सांगणार तेवढ्यात दादा म्हणाला, "मूळचं आता न्हाई." त्याने टॅब्लेट काढून घेतला. मग गिऱ्हाइकाला रिव्हर्सची तार कुठे जोडायची, जोड हलला तर काय करायचं, उन्हात गाडी कशी उभी करायची, हे सगळं त्याने दहा मिनिटं समजावून सांगितलं. दुसरा टॅब्लेट घेतलात तर याच मापाचा घ्या, म्हणाला. आडवा.

मी त्याला बस स्थानकावर सोडलं. विट्याची एसटी लागायची होती. टॅब्लेट कापडी पिशवीत घालून त्याने पोटाशी धरला होता आणि फलाटाच्या कडेला उभा होता. विश्रामबागेत माझ्या घरापासून चौथ्या इमारतीत कानाच्या डॉक्टर बसतात, एकदा नुसतं तपासून घे, घ्यायचं की नाही ते नंतर बघू, असं मी म्हणालो. तो समोर बघत राहिला. मी त्याच्या डावीकडे उभा होतो. मी फिरून उजवीकडे गेलो आणि तेच पुन्हा म्हणालो.

"तू पैल्यांदा बोललास तवाच ऐकलं," तो म्हणाला आणि तेवढ्यात लागलेल्या एसटीकडे चालू लागला.