मुहूर्तावर बसवलेलं मॉड्यूल

प्रेमराजभाऊंना जळगावात कौतुकानं 'पर्लवाले भाऊ' म्हणतात. म्हणू देत बापडे! ज्यांनी त्यांचा कोड कधी उघडून बघितला नाही, ते काहीही म्हणतील.

दालमिलच्या वजनकाट्यावर ट्रक चढला की त्याची पावती काढणारे प्रोग्रॅम भाऊ पर्ल या संगणकाच्या भाषेत लिहितात. मी नौशीन, धुळ्याची, त्यांच्याकडे कामाला. त्यांच्या कोडमध्ये वजनाला एका फाइलीत एक नाव, दुसरीत दुसरं, तिसरीत नुसतं क्ष. ओळी कुठे टॅबनं सरकवलेल्या, कुठे स्पेसनं, कुठे नुसत्याच लोंबतायत. एकदा मी सगळं एका पद्धतीत लावून दिलं, तर "माझं अक्षर बदललंस तू!" म्हणून रुसले आणि होतं तसं परत करून ठेवलं. घ्या!

रोजच्या धुळे-जळगाव एसटीनं माझा पिट्टा पडला होता. घरी अम्मी एकटी, गुडघ्यानं अधू. भाऊ म्हणाले होते, "धुळ्याच्या नव्या मिलचं काम नीट होऊ दे, मग धुळ्याचं बठ्ठं, अगदी सगळं काम तुझ्याकडे. घरूनच कर." म्हणून मी त्या कामात जीव ओतला.

मिलमालक सुकदेवशेठनी पूजा मांडली होती. पहिली पावती मुहूर्तावरच निघायला हवी. काट्यावरचं वजन संगणकात आणायला एक मॉड्यूल लागतं, म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला तयार कोड. बसवताना त्याच्या चाचण्या आपोआप चालतात. एक चाचणी नापास झाली. मी थांबले.

"सरक. चाचण्या काय बघते, घड्याळ बघ," म्हणत भाऊंनी स्वतः कीबोर्ड ओढला आणि मॉड्यूल जबरदस्तीनं बसवायची कमांड दिली. नारळ फुटला, ट्रक काट्यावर आला, शेठनी बटण दाबलं. पावती कसली न काय! स्क्रीनभर नुसत्या एरर.

"कोणी बसवलं हे?" शेठ गरजले.

"ही पोरगी नवीन शे," भाऊ माझ्याकडे बोट करून म्हणाले. "हात जरा कच्चा आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण धुळं मिळायचं होतं, म्हणून गिळलं. नापास चाचणीचा मजकूर वाचला. मॉड्यूलला आधाराला लागणारा दुसरा तयार कोड, म्हणजे लायब्ररीच त्या मशीनवर नव्हती. ती टाकली, मॉड्यूल नव्यानं बसवलं, सगळ्या चाचण्या पुऱ्या होऊ दिल्या. भाऊ तोवर मागे उभे राहून पेढे खात होते. पावती निघाली, टाळ्या पडल्या, शाल भाऊंच्या खांद्यावर!

फाटकाबाहेर आल्यावर मी विचारलं, "भाऊ, मग धुळं आता माझ्याकडे ना?"

"एवढ्यात नको. तुझ्यापायी मुहूर्त टळला. शेठ नाराज शे."

"मग जळगावही तुम्हीच सांभाळा. मी चालले."

भाऊंचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, आता तरी माफी मागतील. माफी? छे!

"अगं, पण सोमवारी धरणगावच्या कापसाच्या जिनिंगवर मॉड्यूल कोण बसवेल?"

मला इतकं हसू फुटलं की फाटकापाशी उभा असलेला रिक्षावाला वळून बघायला लागला. घरी पोचले तर अम्मी पलंगावर गुडघा चोळत बसलेली.

"अम्मी, नोकरी गेली."

"गेली कुठे? हसत सांगतेयस, म्हणजे तूच सोडली ना," ती म्हणाली. "चल, गरम पाण्याची पिशवी भरून आण. आज तरी वेळेवर मिळेल."